कुंपणाबाहेरचा नोव्हेंबर

ऑक्टोबर सरत आला की आमच्या देवळाच्या फाटकाबाहेर मेणबत्तीवाल्या बायका येऊन बसतात. आम्ही ठाण्याचे जुने ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. नव्याने राहायला आलेल्यांना त्याची गंमत वाटते. टोपल्यांमध्ये जाड, बारीक, लांब, आखूड मेणबत्त्या, बाजूला झेंडूचे ढीग, आणि डोक्यावर ते नोव्हेंबराच्या तोंडाचं ऊन, जे सकाळी अंगाला बरं वाटतं आणि दहा वाजता चटके द्यायला लागतं. माझी मुलगी डोंबिवलीला मानपाड्याकडे राहते. तिचा फोन येतो, "मम्मी, उन्हात उभी राहू नको, मी रविवारी आले की जाऊ." मी हो म्हणते आणि लगेच चप्पल घालून निघते. या वयात हट्ट करायला दुसरं उरलंय काय?

नोव्हेंबर हा आमच्यात मेलेल्यांचा महिना. महिन्याच्या सुरुवातीलाच त्यांचा सण येतो. त्या दिवशी संध्याकाळी सगळं गाव दफनभूमीत जमतं, फादर पवित्र पाणी शिंपडत थडग्यांमधून फिरतात, आणि अंधार पडायच्या आत प्रत्येक क्रूसाच्या पायाशी एक उजेड लागतो. आमची समजूत अशी, की माणूस मेला तरी त्याचा आत्मा लगेच देवासमोर उभा राहण्याइतका स्वच्छ असतोच असं नाही. अंगाला लागलेली धूळ झटकायला त्याला वेळ लागतो, आणि त्या कामात आपल्या प्रार्थनेचा हात लागतो. मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसाला अजून काहीतरी करता येतं, ही गोष्ट मला लहानपणापासून फार आवडत आली आहे. सासऱ्यांसाठी मी मेणबत्ती लावते, सासूसाठी लावते, आईवडिलांसाठी लावते. माझे यजमान अंतोन गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यासाठी जरा जाड लावते, कारण त्यांची धूळ थोडी जास्त होती.

माझ्या पहिल्या मुलासाठी मात्र मेणबत्ती नव्हती. त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थनाच नव्हती. तो कुठे आहे आणि मला कधी भेटणार आहे की नाही, हे मला पन्नासहून अधिक वर्षं कळलेलं नव्हतं.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. आजचं ठाणं पाहणाऱ्याला ते ठाणं सांगून पटणार नाही. खोपट भागात जिथे आज एसटीच्या डिझेलचा वास येतो, त्या अंगाला तेव्हा कापलेल्या भाताचा वास यायचा. आमचा पाडा खाडीकडे. एका बाजूला आमची ख्रिस्ती घरं, दुसऱ्या बाजूला आगऱ्यांची, आणि दोन्हींच्या पुढे भातखाचरं आणि त्यापलीकडे मिठागरं. पावसाळा ओसरला की खाचरांतलं पाणी आटायचं, लोंब्या पिवळ्या पडायच्या, आणि घराघरातली माणसं विळे घेऊन शेतात जायची. घरं दिवसभर उघडी आणि रिकामी असायची. कोंबड्या पार स्वयंपाकघरापर्यंत येऊन जायच्या. त्या दिवसांत कुणी आजारी पडू नये, मरू नये आणि जन्मू तर मुळीच नये, असं माझी सासू म्हणायची. माझ्या मुलाने तेवढंच ऐकलं नाही.

दोन्ही पाड्यांची सुईण एकच होती, हिरामावशी. आगऱ्यांची, विधवा, उंच, काटक, पानाने ओठ कायम लाल. आमच्या पाड्यातलं निम्मं जग तिच्या हातात जन्मलेलं, माझे यजमानसुद्धा. ती मिस्सेच्या, म्हणजे देवळातल्या उपासनेच्या, वाटेवर दिसली की पुरुष माणसंही जरा अंग चोरून चालायची, कारण ती कुणालाही हाक मारून सांगायची, "काय रं, तुला मीच उलटा धरला व्हता, इसरू नको."

आमच्या फादरांची एक रीत होती. आसपासच्या गावांतल्या सगळ्या सुईणींना, मग त्या कुठल्याही जातीधर्माच्या असोत, ते देवळाच्या ओसरीवर बसवून एक गोष्ट शिकवायचे. बाळ जगणार नाही असं दिसलं आणि फादर जवळ नसले, तर तिथे हजर असलेल्या कुणीही बाप्तिस्मा द्यावा. बाळाच्या डोक्यावर पाणी ओतायचं आणि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने ते चार शब्द म्हणायचे. देणारा ख्रिस्ती नसला तरी चालतं. देवळाला जे करायचं आहे तेच मी करते, एवढं त्याच्या मनात असलं की पुरे. मला अजूनही याचं नवल वाटतं. इतक्या नियमांच्या धर्माने स्वर्गाची किल्ली एका आगरी सुईणीच्या कमरेला बिनधास्त लटकवून ठेवली होती. हिरामावशीने ते शब्द पाठ केले होते आणि तिला त्याचा अभिमान होता.

आत्म्याबद्दल आम्हाला शाळेत जे शिकवलं ते थोडक्यात असं. प्रत्येक माणसाचा आत्मा देव नवा घडवतो. तो आधी कधी नव्हता, नंतर कधी दुसऱ्याचा होणार नाही. एका आत्म्याला एकच देह, एकच आयुष्य, आणि शेवटच्या दिवशी तोच देह पुन्हा. पण आदामाचं मूळ पाप घेऊन तो येतो, आणि ते बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतलं जातं. न धुता गेलेलं तान्हं मूल नरकात जात नाही, कारण त्याने काहीच केलेलं नसतं. पण देवासमोरही जात नाही. ते लिंबो नावाच्या जागी राहतं. तिथे त्याला दुःख नसतं. फक्त देवाचं दर्शन नसतं, आणि देवापाशी गेलेल्या आईचंही. शाळेत हे मी घडाघडा म्हणून दाखवलं होतं आणि शाबासकीही मिळवली होती.

ती दुपार होती. यजमान गिरणीत, सासू शेतात, फादर खाडीपलीकडच्या गावी मिस्सेला गेलेले. मला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. शेजारच्या बाईने हिरामावशीला बोलावून आणलं आणि मग स्वतः सासूला सांगायला शेताकडे पळाली. त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. कौलांतून आलेली उन्हाची तिरीप, मावशीचा पालथा हात माझ्या कपाळावर, तिचं "जोर कर गो मारी, जोर कर." मग रक्त गेलं आणि माझी शुद्धच हरपली. जाग आली तेव्हा दिवस उतरला होता आणि घरात माणसं कुजबुजत होती. सासू म्हणाली, "मुलगा होता." त्या 'होता'मध्ये सगळं आलं.

मी त्याला पाहिलं नाही. कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, तेवढंच. मी हात पुढे केला तर सासूने तो धरून ठेवला. तोंड पाहिलंस तर जन्मभर डोळ्यांपुढून हलणार नाही, असं तिचं म्हणणं. तिने ते मायेपोटीच केलं. पण न पाहिलेलं तोंड काही डोळ्यांपुढून हलतं असं नाही, हे तिला तरी कुठे माहीत असणार?

तेवढ्यात फादर आले. त्यांची सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज मी ऐकला. मधल्या कुडापलीकडे हिरामावशी उभी होती, आणि तिच्या आवाजात दुःख होतं पण समाधानही होतं. "बाबा, काळजी करू नका. पोर गेला, पन तुमचं काम करूनच गेला. मी घातलं पानी. सगलं बोललो, जसं तुमी सांगलेलं."

"देवाचे उपकार," फादर म्हणाले. "शाबास, हिराबाय."

तिथेच ती थांबली असती तर! पण काम नुसतं केलं नाही, चांगलं केलं, हे तिला सांगायचं होतं. म्हणाली, "आनि साधं पानी नाय वापरलं हा. घागरीला बालंतिनीचा विटाल. त्या पान्यानं देवाचं काम कसं करनार? दारात शहालं व्हतं मारीसाठी आनलेलं. ते फोडलं. आतलं पानी, कुनाचा हात नाय लागलेलं. तेच ओतलं डोक्यावर."

कुडाअलीकडे मी पडल्या पडल्या गार झाले. फादर अगदी हळू म्हणाले, "हिराबाय, घाईत होतीस तू. घागरीतलंही थोडं घेतलं असशील आधी. नीट आठव."

ते तिला दार उघडून देत होते. एक 'हो' म्हणाली असती तर माझा मुलगा आत जात होता. पण फादर तिच्या हातून चूक झाली का ते तपासताहेत, असं तिला वाटलं असावं. ती ठासून म्हणाली, "नाय बाबा, थेंब नाय. शप्पत सांगतो." 

"तू मनापासून केलंस," एवढंच फादर म्हणाले. मग मावशी घरी गेल्यावर ओसरीवर जाऊन त्यांनी गिरणीतून आलेल्या माझ्या यजमानांना समजावलं. बाप्तिस्म्याला पाणीच लागतं. विहिरीचं, पावसाचं, खाचरातलं गढूळ असलं तरी चालतं, पण ते पाणी असावं लागतं. शहाळ्यातलं चालत नाही. गेलेल्या बाळाला आता पुन्हा देताही येत नाही. बोलताना फादरांचा आवाज फुटत होता. वाईट माणूस असता तर त्याच्यावर रागवून मोकळी झाले असते. तीही सोय नव्हती.

अंतोननी त्याला दिवेलागणीच्या आत नेऊन ठेवलं. दफनभूमीच्या आशीर्वादित जमिनीत नाही. निवडुंगाच्या कुंपणाबाहेर एक पट्टा होता, बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांचा. तिथे क्रूस नसत. घरच्यांनी ठेवलेला दगड असला तर असला.

दोन दिवसांनी मला दूध आलं. ते यायला नको होतं, पण अंगाला कोण सांगणार? हिरामावशी मोगऱ्याच्या कळ्या घेऊन आली आणि छातीवर फडक्याने घट्ट बांधून गेली, दूध आटावं म्हणून. तिच्या हाताखाली मी रडत होते आणि मनात तिचाच संताप होता. तिला तो दिसला नाही. ती माझे केस मागे सारत म्हणाली, "रडू नको गो मारी. परत येल तो. तुज्याच पोटी येल. वाट चुकला नाय, नुसता माघारी गेलाय." आणि मला किती वाटलं म्हणून सांगू, की हिचं खरं असावं! तिच्या देवाकडे जागा मोकळी होती. गेलेलं मूल पुन्हा येऊ शकत होतं. माझ्या देवाने त्याला एकदाच घडवलं होतं, एकटाच, दुसरा त्याच्यासारखा कधी होणार नाही असा. लहानपणी ही गोष्ट मला मोठी मानाची वाटायची, की माझ्यासारखी मी एकच. आई झाल्यावर कळलं, की एकच असणं म्हणजे हरवलं तर दुसरं नसणं.

त्याच आठवड्यात आगेरा आला. शेतातल्या पहिल्या लोंब्या वाजतगाजत देवळात न्यायच्या, फादरांनी त्यांना आशीर्वाद द्यायचा आणि मगच नव्या तांदळाला हात लावायचा, असा हा आमचा सुगीचा सण. मी अंथरुणावरून ढोल ऐकला. सासूने आशीर्वादित लोंबी आणून दाराला बांधली. भाताला आत घेतात, असं मी मोठ्याने म्हणाले. सासूचा हात गाठीवर थांबला.

मग तो गेल्यानंतरचा पहिला नोव्हेंबर आला, मेलेल्यांचा सण आला. सगळ्यांबरोबर मीही गेले. फादर लॅटिनमध्ये म्हणत, पाणी शिंपडत येत होते. कुंपणाजवळच्या शेवटच्या थडग्यापाशी ते आले तेव्हा त्यांचा हात नेहमीपेक्षा जास्त लांब गेला. निदान मला तसं दिसलं. दोन-चार थेंब निवडुंगावर पडले, पलीकडे गेले की नाही ते कळलं नाही. मी कुंपणाला नाक लावून बघत होते, कुणी काय म्हणेल याचीही लाज नव्हती.

दुसऱ्या दिवशी हिरामावशीने विचारलं, "मारी, तुजा पोर भाईर का गो ठेवलाय? मी पानी घातलेलं त्याला." मी तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर नुसती काळजी होती. सांगायचं जिभेवर आलं होतं. पण या सगळ्यात निश्चिंत असलेली ती एकटीच होती. तिच्या मते मूल देवापाशी पोचलं होतं आणि तिने पोचवलं होतं. म्हटलं, कुणाच्या तरी मनात तो वर असू दे. "आत जागा नव्हती, मावशी," मी म्हणाले. ती जरा पुटपुटली, फादरला सांगायला हवं म्हणाली, आणि तिने विषय सोडला.

दोन वर्षांनी माझा दुसरा मुलगा झाला. या वेळी फादर गावात होते, घागर भरलेली होती, सगळं यथासांग. हिरामावशीने बाळाला उजेडाकडे धरलं आणि ओरडली, "परत आयला बघ! सांगलेलं ना? तोच! तोच कान बघ, असाच मुडपलेला!"

"हा तो नाही," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा कडक निघाला. "हा वेगळा आहे. त्याचा आत्मा वेगळा, याचा वेगळा. आमच्यात परत येत नाहीत."

मावशीचा चेहरा उतरला. "तुमच्या देवाला मंग एवढे आत्मे ठेवायला जागा तरी हाय का?" ती म्हणाली, आणि बाळ माझ्या कुशीत ठेवून हात धुवायला गेली. मला वाईट वाटलं. पण तिचं ऐकलं असतं, तर कुंपणाबाहेरच्याला मी स्वतःच्या हाताने पुसून टाकल्यासारखं झालं असतं. या लेकराला भाऊ होता, आणि भाऊ म्हणजे दुसरा जीव. तेवढं तरी त्याला मिळायला हवं होतं.

ती परत आत आली तेव्हा मी हळूच विचारलं, "मावशी, त्याचा कान मुडपलेला होता?"

"व्हता की. उजवा."

"आणखी?"

ती माझ्याजवळ बसली. त्या दिवसापासून आमचा एक रिवाज पडला. दर वर्षी सुगी संपली, कापलेल्या भाताच्या उडव्या रचून झाल्या, की मावशी दुपारची आमच्या ओसरीवर यायची. मी तिच्यापुढे पानाचं तबक ठेवायची आणि ती सांगायची. जन्मल्यावर तो रडला नाही, शिंकला. डोळे उघडून त्याने कौलातल्या उजेडाकडे पाहिलं. तिचं बोट धरलं, सोडेचना. कपाळावर पाणी पडलं तेव्हा त्याने तोंड वाकडं केलं, "लिंबू चाटल्यावानी." दर वर्षी एखादी गोष्ट वाढायची. त्यातल्या काही तिने माझ्यासाठी रचल्या असणार, एवढं कळण्याइतकी मी शहाणी होते. कुठल्या खऱ्या आणि कुठल्या रचलेल्या, ते मी कधी विचारलं नाही. माझा मुलगा तिच्या तोंडून वर्षावर्षाला मोठा होत होता, आणि तेवढंच त्याचं वाढणं मला बघायला मिळणार होतं.

मिठागरं बुजली, खाचरांवर इमारती आल्या. मावशी त्याआधीच गेली, तिच्या रीतीप्रमाणे अग्नी दिला. कुंपण पडून भिंत आली, आणि ती बांधताना बाहेरचा पट्टा कधीतरी आत घेतला गेला. कुणी ठराव केला नाही, वाजतगाजत काही नाही. गवंड्याला भिंत सरळ हवी होती, एवढंच.

परवा नवे फादर घरी आले होते, गुडघ्यांच्या दुखण्याने मला दर रविवारी देवळात जाणं होत नाही म्हणून. नातवाच्या वयाचे. बोलता बोलता माझ्या तोंडून सगळं निघालं. त्यांनी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "आजी, त्या बाळाची काळजी सोडा. लिंबोचं आता कुणी छातीठोकपणे सांगत नाही. देवाची दया पाण्यापाशी अडून बसत नाही. तो देवापाशी आहे आणि तुम्हाला भेटेल, अशी आशा आपण ठेवू शकतो. मी तर मनापासून ठेवतो."

मी रडले. किती वर्षांचं होतं ते. आनंद झाला, आणि थोडा रागही आला, की हे सांगायला एवढा वेळ लावलात? माझी सासू, अंतोन, ते जुने फादर, सगळे त्या बाळाला बाहेर ठेवून गेले. पण डोळे पुसून झाल्यावर माझ्या मनात दुसरंच आलं.

"आणि फादर, ती?"

"कोण?"

"हिरामावशी. शहाळं फोडलं ती."

फादर म्हणाले, "तिच्यासाठीही आशा ठेवायला काहीच हरकत नाही, आजी."

"हरकत नाही म्हणून भागायचं नाही, फादर," मी म्हणाले. "ती तिथे असायलाच हवी. मला तुम्ही देवाच्या दारात नेऊन सोडाल, आत हजारो मुलं असतील. मी माझ्या मुलाला कधी पाहिलेलं नाही. जिवंत असताना त्याला पाहणारी ती एकटी. ती नसेल, तर त्यातला माझा कुठला, हे मला दाखवणार कोण?"